साखर कशासाठी?

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, वाट्याला सहसा तक्त्यातली एक ओळ येते: रोगाचे नाव, जंतूचे नाव, लक्षणे, उपाय. त्या ओळीत चुकीचे काही नसते. आमचा आक्षेप वेगळा आहे. जंतू पोटात जाणे आणि जुलाब सुरू होणे, या दोन घटनांच्या मध्ये काय घडते हे तक्ता सांगत नाही. मग 'जलसंजीवनीत साखर कशासाठी?' याचे उत्तर 'शक्ती येण्यासाठी' असे येते आणि त्यावर बरोबरची खूणही होते.

जंतू आतडे कुरतडतो, असे चित्र मुलांच्या मनात असते. शिगेलाबाबत ते बरेचसे खरे आहे. तो मोठ्या आतड्याच्या पेशींत शिरतो, म्हणून शौचावाटे आव व रक्त पडते. पटकीचा जंतू मात्र लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून नुसते विष सोडतो. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली हे दाखवले. सशाच्या आतड्याचा बांधलेला भाग घेऊन त्यात त्यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू नसतानाही आतडे पाण्याने फुगले! इतका सुबोध आणि आपल्या देशात झालेला प्रयोग पाठात का नसावा?

विषामुळे पेशींतले क्लोराइड बाहेर सोडणारे मार्ग उघडेच राहतात. क्लोराइडमागे सोडियम आणि क्षारांमागे पाणी आतड्यात उतरते. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. पण पेशी शाबूत असतात. ग्लुकोज व सोडियम जोडीने आत घेणारी त्यांची यंत्रणा चालूच असते. साखर हवी ती यासाठी. तिच्यातील ग्लुकोजबरोबर मीठ आत जाते आणि त्यामागून पाणी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य जीव वाचवले.

हे कळलेला विद्यार्थी 'जुलाबात पाणी बंद' या घरगुती समजुतीला कारणासह विरोध करू शकेल. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण त्याला घोकावे लागणार नाही. मीठ जास्त झाले तर अपाय होतो आणि रोगी पिऊ शकत नसेल तर दवाखानाच गाठावा लागतो, हेही त्याला समजेल.

'पाणी स्वच्छ ठेवा' या वाक्याचेही तसेच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात अनेक वाड्यांवर टँकर येतो, कारण सच्छिद्र जांभ्यातून पाणी झटकन निघून जाते. ज्या वाटेने पाणी जाते, त्याच वाटेने शौचखड्ड्यातील घाणही विहिरीत पोचू शकते. वाडीतल्या विहिरी, शौचखड्डे व उतार यांचा नकाशा मुलांनी काढावा. विहिरीत टीसीएल पावडर केव्हा व किती टाकली जाते, ते ग्रामपंचायतीत विचारावे. तक्त्यातील 'उपाय' हा रकाना भरायचा तो असा.