'मोंदोव्हिनो': चव मातीची की मालकाची?

रिसर्च मेथडॉलॉजीची तयारी करणाऱ्यांना सिनेमा सुचवणं जरा विचित्र वाटेल, पण जोनाथन नॉसिटरचा 'मोंदोव्हिनो' (२००४) हा माहितीपट एकदा बघाच. विषय आहे वाइन. एका बाजूला फ्रान्समधले छोटे, घरातल्या माणसांनी चालवलेले द्राक्षमळे. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाची मोंदावी कंपनी, समीक्षक रॉबर्ट पार्कर आणि गाडीत बसून फोनवर सल्ले देत फिरणारे मिशेल रोलाँ. नॉसिटरचं म्हणणं सरळ आहे: छोट्या मळ्याच्या वाइनमध्ये तिथली जमीन बोलते, मोठ्यांची वाइन जगभर एकाच चवीची होत चालली आहे. माती, उतार, हवा, पाणी या सगळ्याला मिळून फ्रेंच लोक 'तेरवार' म्हणतात.

सिनेमा म्हणून मला तो आवडला. हलता कॅमेरा डोकं दुखवतो, पण लोक बोलत असताना तो मध्येच त्यांच्या कुत्र्यांकडे वळतो तेव्हा मजा येते. दावा म्हणून मात्र तो तपासायला हवा.

यातले नायक म्हणावेत असे गृहस्थ म्हणजे एमे गिबेर. दक्षिणेत लांगदॉक भागात, आनियान गावाजवळ त्यांचा 'मास द दोमा गासाक' हा मळा. जवळच्याच डोंगरावर मोंदावींना द्राक्षं लावायची होती. गावात विरोध झाला, २००१ च्या निवडणुकीत विरोधी बाजूचा महापौर आला आणि कंपनीने काढता पाय घेतला.

आता या मळ्याचा इतिहास बघा. गिबेर मूळचे शेतकरी नव्हेत, चामड्याच्या धंद्यातले. बोर्दोचे प्राध्यापक आंरी आंजालबेर यांनी तिथली लालसर, पाण्याचा निचरा होणारी माती पाहून सांगितलं की इथे उत्तम वाइन होईल. मग लावलं काय? मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों, म्हणजे बोर्दोचं द्राक्ष. १९७८ च्या पहिल्या वाइनला सल्ला कोणाचा? बोर्दोच्याच एमिल पेनो यांचा, तेव्हाचे बडे सल्लागार. मग रोलाँचा सल्ला म्हणजे भेसळ आणि पेनोंचा सल्ला म्हणजे जमिनीचा आवाज, हे कसं ठरवायचं?

समजा, गासाकची चव खरंच वेगळी आहे. ती मातीमुळे, रात्रीच्या गार हवेमुळे, वाणामुळे की माणसामुळे? एक मळा, एक मालक, एक तळघर. सगळे घटक एकमेकांना चिकटून येतात, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे वेगळं काढताच येत नाही. हेच कन्फाउंडिंग. सिनॉप्सिसमध्ये अशी एकच केस घेऊन कारण सिद्ध करायला निघालात तर गाइड पहिल्याच पानावर लाल शाई वापरतील.

गंमत म्हणजे याहून चांगला पुरावा सिनेमातच आहे. बर्गंडीतल्या व्होल्ने गावचं द मोंतीय कुटुंब. वडील उबेर, पेशाने वकील. त्यांची वाइन कडक, तुरट, वर्षानुवर्षं ठेवून प्यायची. मुलगा एतियेनच्या हाती कारभार आल्यावर ती मऊ झाली. जमीन तीच, वाण तेच पिनो न्वार, हात बदलला. नॉसिटरला यात बाप-लेकाची गोष्ट दिसते, आणि ती तो छान सांगतोही. पण त्याच्या मूळ दाव्याला इथे तडा जातो, त्याकडे तो थांबून बघत नाही.

तेरवार खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. ते तपासण्याची सोय बर्गंडीत आयतीच आहे. क्लो द वूजो हा भिंतीआतला एकच मळा, सुमारे ५० हेक्टरचा, मालक मात्र ऐंशीच्या आसपास: एक जमीन, अनेक हात. उलट तिथल्या बऱ्याच कुटुंबांकडे वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे असतात: एक हात, अनेक जमिनी. दोन्ही जोडलं की क्रॉस्ड डिझाइन तयार होतं. फक्त चाखणाऱ्यांपासून बाटलीवरचं नाव लपवायचं. आणि वूजोची जमीनही वरपासून खालपर्यंत सारखी नाही, खालच्या अंगाला निचरा कमी होतो. म्हणून तिथे तुलना करायची तर शेजारशेजारच्या तुकड्यांचीच.