जाब आणि खुलासा : उत्तर आयर्लंडमधील जिल्हा पोलीस-भागीदारीची योजना

उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारानंतर क्रिस पॅटन ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने सप्टेंबर १९९९ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यातील १७५ शिफारशींपैकी पोलीस दलाचे नाव व बोधचिन्ह ह्यांवरच वादाचा सारा धुरळा उडाला. जिल्हा-मंडळांच्या योजनेकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. वस्तुतः अहवालाचे मर्म ह्याच योजनेत आहे.

प्रत्येक स्थानिक परिषदेने आपली एक समिती म्हणून असे मंडळ स्थापावे, त्यात लोकनियुक्त सभासदांचे बहुमत असावे, इतर सभासद परिषदेने मध्यवर्ती पोलीस मंडळाच्या संमतीने निवडावेत, आणि जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्याने दरमहा ह्या मंडळापुढे येऊन प्रश्नांची उत्तरे द्यावीत, अशी ही रचना होती. मात्र अधिकाऱ्याला आज्ञा करण्याचा अधिकार मंडळास नव्हता. मराठीत ‘जाब’ आणि ‘खुलासा’ हे शब्द वेगळे आहेत, ही येथे उपयोगी पडणारी गोष्ट आहे. जाब विचारणाऱ्याच्या हाती काही तरी असावे लागते. आयोगाने ते ‘काही तरी’ पैशाच्या रूपाने देऊ केले होते : परिषदेने पौंडामागे तीन पेन्सपर्यंतच्या कराइतकी रक्कम खर्चून जादा सेवा पोलिसांकडून, अन्य सरकारी खात्यांकडून किंवा खाजगी संस्थांकडून विकत घ्यावी.

२००० च्या कायद्यात नेमकी हीच तरतूद उतरली नाही. सशस्त्र संघटनांच्या माणसांना करदात्यांच्या पैशातून पहारेकऱ्यांचा पोषाख चढेल, ही विरोधकांची भीती निराधार होती असे म्हणता येत नाही. परंतु त्या भीतीवर निर्बंधांचा उपाय होता. कलमच गाळणे हा उपाय नव्हे. शीर्षकातील ‘मंडळ’ हा शब्दही गळाला, ‘भागीदारी’ तेवढी उरली. अपक्ष सभासदांची अंतिम नेमणूक मध्यवर्ती मंडळाकडे गेली. पेढीत ज्याचे भांडवल नाही त्यास व्यापारी भागीदार म्हणत नाहीत. फार तर वही पाहू देतात.

तथापि २००३ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत ह्या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा सभासदांना धमक्या आल्या, काहींनी राजीनामे दिले. केवळ खुलासा मागणाऱ्या समितीची एवढी धास्ती कोणास वाटावी, हा प्रश्न वरील टीकेस छेद देतो. सिन फेन पक्षाने तर २००७ पर्यंत पोलीस-व्यवस्थेलाच मान्यता दिली नव्हती. एप्रिल २०१२ मध्ये ह्या संस्था सार्वजनिक सुरक्षिततेच्या समित्यांत विलीन झाल्या. देखरेखीचे काम त्यांच्यातील एका अंतर्गत पोलीस-समितीकडे राहिले.