पावलांची मोजणी

पावले मोजणारे ॲप वाईट नव्हे. मधुमेही वारकऱ्याला आपण किती चाललो, कुठे विसावावे, हे त्यावरून कळते. पण रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून निघालेला नाही. १९६५ सालच्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून तो रूढ झाला. शिवाय यंत्र अंगाचे हेलकावे मोजते, भाव नव्हे.

दिवे घाट चढताना आकडा पाहण्याच्या नादात मी ध्रुपद चुकलो. हातातला टाळ थांबला. तेव्हा उमजले. जपाची संख्या आपणही मोजतोच, पण माळ गोमुखीत झाकून. तसाच फोन पडशीत ठेवा, आकडा मुक्कामी पाहा. वाटेवर मुखी नाम आणि नजर पुढच्या माउलीच्या पावलांवर असू द्या.