'ओके' या शब्दाचा प्रणय : एका किशोरकादंबरीच्या भाषेविषयी

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली प्रणयकथा हा विद्यापीठीय चर्चेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी केल्यास आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येईल. प्रस्तुत लेखकाचेही ते तसेच होते. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने शैलीविचारावरील निबंधासाठी जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) ही कादंबरी निवडली. पुस्तक लोकप्रिय असले तरी भाषेच्या अभ्यासकाला त्यात हाती लागण्यासारखे काही नाही, असे सांगून तिला दुसरा विषय घ्यावयास लावण्यात आले. ज्याने हा सल्ला दिला त्याने ते पुस्तक वाचलेले नव्हते. पुढे ते वाचण्याचा योग आला, आणि सल्ला चुकीचा होता हे मान्य करावे लागले. प्रस्तुत लेख ही त्या सल्ल्याची दुरुस्ती आहे.

कथानक थोडक्यात असे. इंडियानापोलिस शहरातील हेझल लँकास्टर ही सोळा वर्षांची मुलगी कर्करोगाने आजारी आहे. रोग कंठग्रंथीतून फुप्फुसांत पसरला असल्यामुळे प्राणवायूची नळकांडी बरोबर घेतल्याशिवाय तिला कोठेही जाता येत नाही. रुग्णांच्या एका आधारगटात तिला ऑगस्टस वॉटर्स हा सतरा वर्षांचा मुलगा भेटतो. हाडांच्या कर्करोगात त्याने एक पाय गमावला आहे. हेझलचे अत्यंत आवडते असे एक पुस्तक आहे; ते वाक्याच्या मध्येच संपते. पुढे काय झाले हे त्या पुस्तकाच्या लेखकाला विचारण्यासाठी दोघे ॲम्स्टरडॅमला जातात. भेटतो तो एक मद्यपी आणि कडवट गृहस्थ, आणि उत्तर काही मिळत नाही. तेथेच ऑगस्टस आपला रोग उलटल्याचे हेझलला सांगतो. आपण आधी जाणार हे जिने गृहीत धरले होते तीच मागे राहते. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर' नाटकात कॅशिअस दोषाचे खापर ग्रहताऱ्यांवर न फोडता माणसांवर फोडतो. ग्रीन आपल्या शीर्षकात ते विधान उलटवतो. या मुलांच्या बाबतीत दोष खरोखरच ताऱ्यांचा आहे, असे त्याला म्हणावयाचे आहे.

कादंबरीवर घेतला जाणारा पहिला आक्षेप भाषेविषयीचाच आहे, आणि तो बव्हंशी खरा आहे. या कादंबरीतील मुले मुलांसारखी बोलत नाहीत. हेझल, ऑगस्टस आणि त्यांचा मित्र आयझॅक यांच्या तोंडी एकाच घडणीची, चतुर, पूर्वतयारी केल्यासारखी वाक्ये येतात. वक्त्याचे नाव झाकून संवाद वाचला तर कोण बोलत आहे हे पुष्कळदा ओळखता येत नाही. प्रत्येक व्यक्तीचे बोलणे तिच्या वयाने, घराने आणि संगतीने घडते, हे भाषाविज्ञानाचे प्राथमिक तत्त्व आहे. ग्रीनला त्याची फिकीर दिसत नाही. सर्व पात्रांच्या मागून एकच प्रौढ, बहुश्रुत माणूस बोलत असल्याचा भास होतो.

परंतु येथेच थांबणारा समीक्षक अर्धे पुस्तक वाचून थांबतो, असे म्हणावे लागते. कारण ही कादंबरी स्वतःच त्या चतुर भाषेची कसोटी घेते, आणि त्या कसोटीत ती भाषा नापास होते. ऑगस्टसची सिगारेट हे त्याचे ठळक उदाहरण होय. पहिल्याच भेटीत तो तोंडात सिगारेट धरतो, हेझल संतापते, आणि तो खुलासा करतो की आपण ती कधीही पेटवीत नाही. मारणारी वस्तू दातांत धरावयाची, परंतु मारण्याचे सामर्थ्य तिला द्यावयाचे नाही, असे हे रूपक आहे. हेझलला ते आवडते; वाचकालाही आवडते. मात्र पुढे, रोग बळावल्यावर, एका रात्री ऑगस्टस एकटाच मोटार घेऊन सिगारेटचे नवे पाकीट आणावयास जातो. एवढे एक काम तरी आपण स्वतः करावे, एवढीच त्याची इच्छा असते. हेझल पोहोचते तेव्हा तो पेट्रोलपंपावर मोटारीत असहाय, ओकारीने माखलेला, रडत बसलेला असतो. रूपकासाठी निघालेल्या मुलाला रूपक वाचवू शकत नाही. आजारी माणूस शेवटपर्यंत हसतमुख आणि धीरोदात्त राहतो, या अशा कथांतील संकेताचा निवेदिका येथे स्पष्ट उल्लेख करते आणि तो खोटा ठरवते. स्वतः हेझल आपल्याला हातबाँबची उपमा देते. आपण कधीतरी फुटणार, तेव्हा जवळ माणसे जितकी कमी तितके बरे, असा तिचा हिशेब असतो. तोही कोसळतो, कारण बाँब दुसरीकडेच फुटतो.

रूपके अशी एकामागून एक निकामी होत असताना शिल्लक काय राहते? माझ्या मते, एक अगदी साधा शब्द शिल्लक राहतो. तो शब्द 'ओके'.

या शब्दाची योजना लेखकाने विचारपूर्वक केली आहे. आयझॅक आणि त्याची मैत्रीण मोनिका एकमेकांना सतत 'नेहमीच' या अर्थाचा इंग्रजी शब्द म्हणत असतात; तीच त्यांची शपथ. आयझॅकचा उरलेला डोळाही शस्त्रक्रियेत जाणार असे ठरते, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच मोनिका त्याला सोडून जाते. 'नेहमीच' हा शब्द भविष्यकाळाविषयी विधान करतो. म्हणूनच तो खोटा ठरू शकतो. पुढे एका दूरध्वनी-संभाषणाच्या अखेरीस हेझल आणि ऑगस्टस निरोप घेताना 'ओके' हा शब्द पुनःपुन्हा उच्चारतात, आणि त्या दुसऱ्या जोडीच्या शपथेची जागा आपल्यापुरती याच शब्दाने घ्यावी, असे ऑगस्टस सुचवतो. 'ओके' कशाचेही विधान करीत नाही, म्हणून त्याला खोटे पाडता येत नाही. ज्यांच्यापाशी भविष्यकाळ नाही त्यांनी निवडलेली ही शपथ आहे.

या ठिकाणी दोन परिचित संकल्पनांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मालिनोव्स्कीने १९२३ मध्ये असे दाखवून दिले की माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसते, केवळ एकमेकांशी असलेला संबंध राखण्यासाठी असते. याकोबसनने इंडियाना विद्यापीठात १९५८ मध्ये भरलेल्या शैलीविषयक परिषदेत भाषेची सहा कार्ये मांडली. त्यांपैकी एक कार्य संपर्काची वाट खुली आहे ना, हे तपासण्याचे होय. दूरध्वनीवरील 'हॅलो' हे त्याचे रूढ उदाहरण. वर्गात आपण हे कार्य शिकवतो ते बहुधा काहीशा उपेक्षेने, जणू अर्थशून्य बोलण्याची ती एक पेटी आहे. ग्रीनची कादंबरी या उपेक्षेला उत्तर देते. 'ओके?' असे एकाने विचारावे आणि 'ओके' असे दुसऱ्याने म्हणावे. शब्द तोच, फरक केवळ स्वराच्या चढउताराचा. या देवघेवीत एकच आशय असतो : तू आहेस, आणि मीही आहे. मरणाच्या सान्निध्यात याहून मोठा आशय कोणता?

याची खात्री पटते ती ऑगस्टसच्या मृत्यूनंतरच्या एका छोट्या प्रसंगाने. हेझल त्याचा दूरध्वनी क्रमांक फिरवते. घंटा वाजत राहते, मग त्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येतो, आणि त्यापुढे शांतता. जिवंतपणी दूरध्वनीवर बोलताना दोघांना आपण एका तिसऱ्याच, केवळ आपल्या जागी आहोत असे वाटत असे. तीच जागा ती शोधत असते. वाट खुली आहे, पलीकडे कोणी नाही. संपर्ककार्याचा इतका करुण दाखला प्रस्तुत लेखकाच्या वाचनात अन्यत्र आलेला नाही.

'ओके' या शब्दाचा इतिहासही येथे सूचक ठरतो. ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातील लेखांतून दाखवून दिले की हा शब्द २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये आढळतो, आणि तो 'सर्व बरोबर' या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या मुद्दाम अशुद्ध लेखनातील आद्याक्षरांपासून झाला. म्हणजे थट्टेतून जन्मलेला, जगभर पसरलेला आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेला असा हा शब्द आहे. अशा सार्वजनिक नाण्यावर दोघांनी आपला खाजगी शिक्का उठवावा, ही कल्पना कवीला शोभणारी आहे.

दोष मात्र झाकून चालणार नाही. आपल्या या शोधावर लेखकाचा सर्वत्र विश्वास राहत नाही. ॲम्स्टरडॅममध्ये ॲन फ्रँकच्या घरात दोघे प्रथम चुंबन घेतात आणि भोवतालचे प्रवासी टाळ्या वाजवतात. दुसऱ्याच्या इतिहासातील यातनांचे स्थळ येथे प्रणयाच्या नेपथ्यासाठी वापरले गेले आहे. आणि ज्या प्रेमाचे सामर्थ्य कोणाला ऐकू न जाणाऱ्या शब्दात होते, त्याला एकदम प्रेक्षक पुरवले गेले आहेत. पुस्तकाबाहेर तर हा खाजगी शब्द सदऱ्यांवर छापून विकला गेला. यातील दुसरा दोष लेखकाचा नव्हे, बाजाराचा आहे. परंतु टाळ्यांचा प्रसंग लेखकाने स्वतः लिहिला आहे.

आता एक प्रश्न आपल्या घरचा. हा शब्द मराठीत आणावयाचा झाल्यास काय करावे? या कादंबरीवरून निघालेल्या 'दिल बेचारा' (२०२०) या हिंदी चित्रपटात त्याच्या जागी 'सेरी' हा तमिळ होकार योजला आहे. योजना चतुर आहे. तथापि तिने मूळ कल्पना बदलते. जमशेदपूरच्या त्या प्रेमिकांसाठी हा शब्द वेगळेपणामुळे खाजगी होतो. मूळ शब्द खाजगी होतो तो अतिपरिचित असूनही. मराठीत 'ओके' तसाच ठेवणे सोपे आहे, कारण आपली मुले तो बोलतातच. परंतु रोग्याच्या उशाशी बसून विचारावयाचा आपला शब्द अजूनही 'बरं' हाच आहे, आणि त्याची अर्थव्याप्ती पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. 'बरं, येतो' यात होकार आणि निरोप दोन्ही आहेत. 'आता बरं वाटतंय का?' यात प्रकृतीची चौकशी आहे. 'पेपर बरा गेला' यात फार चांगला नव्हे, फार वाईटही नव्हे, असा बेताचा समाधानभाव आहे. संमती, आरोग्य आणि बेताचेपणा हे 'ओके'चे तिन्ही अर्थ 'बरं' या एका शब्दात जसेच्या तसे सापडतात. शिवाय 'बरा होणे' म्हणजे रोगमुक्त होणे. जी मुले बरी होणार नाहीत त्यांनी एकमेकांना 'बरं?' असे विचारावे आणि 'बरं' असे उत्तर द्यावे, यात मराठी वाचकाला मूळ इंग्रजीपेक्षाही अधिक काही ऐकू येईल. या शब्दाला वडीलधाऱ्या वळणाचा जो किंचित वास आहे, तो दोघांच्या तोंडी थट्टेने येऊन निघून जाईल.

कादंबरीचा शेवटही होकारानेच होतो. ऑगस्टसने मागे ठेवलेल्या मजकुराला हेझल मनोमन उत्तर देते, ते इंग्रजी विवाहविधीत वधूवर उच्चारतात त्याच शब्दांत. जो विवाह होणे शक्य नव्हते तो व्याकरणाच्या एका साध्या होकारार्थी रूपात पार पडतो. येथे लेखक कोणालाही टाळ्या वाजवावयास बोलावीत नाही.

तात्पर्य, ही कादंबरी थोर आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तिची पात्रे एकसुरी बोलतात, आणि काही ठिकाणी ती वाचकाच्या अश्रूंची आगाऊ मागणी करते. परंतु माणसे जेव्हा काहीच सांगत नसतात तेव्हा ती भाषेने नेमके काय करीत असतात, हे तिने आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक स्पष्टपणे दाखवले आहे. ती विद्यार्थिनी आता अन्य विषयावर काम करीत आहे. पुढील वर्षी कोणी हेच पुस्तक घेऊन आले, तर त्याला किंवा तिला एकाच शब्दात उत्तर देण्याचा विचार आहे. आणि तो शब्द कोणता, हे येथवर आलेल्या वाचकाला सांगावयास नको.