गिरणगावचा रस्ता आणि आपली टीकादृष्टी

घराचे वर्णन करणारे लेखक कोणत्याही भाषेत पुष्कळ सापडतात; रस्त्याचे वर्णन करणारे विरळा. घराला धनी असतो, आणि ज्याला धनी आहे त्याची कथा आपोआप जुळून येते. कोणी ते बांधिले, कोणी राखिले, कोणी गमाविले, एवढे सांगितले की निम्मे कथानक हाती लागते. रस्ता सर्वांचा, म्हणून कथेच्या दृष्टीने कोणाचाच नाही. आपल्या आधुनिक गद्याच्या आरंभकाळीच मात्र या नियमास एक ठळक अपवाद घडला. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, आणि त्यात बाजार, धंदे व या शहरात एकत्र झालेल्या नाना जातींची माणसे यांकडे मोठ्या आस्थेने लक्ष पुरविले. त्या ग्रंथाला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. या अवधीत मुंबईच्या ज्या भागाचे रूप मुळापासून पालटले, त्या गिरणगावच्या रस्त्याविषयी आपल्या लेखकांनी काय लिहिले, आणि आपण वाचकांनी व टीकाकारांनी ते कसे वाचिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम हा रस्ता म्हणजे काय होता, ते नीट समजून घेतले पाहिजे. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढिली व दोन वर्षांनी ती गिरणी चालू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी या टापूत गिरण्यांची रांग उभी राहिली, आणि कोकणातून व घाटावरून आलेला कामगार त्यांच्या भोवतालच्या चाळींत राहू लागला. चाळीची खोली साधारणतः दहा-बारा फूट लांबरुंद. सरकारने १९२० नंतर बांधिलेल्या बी.डी.डी. चाळींतही एका खोलीच्या वाट्यास १६० चौरस फूटच जागा आली. कित्येक खोल्यांत एकाच गावची दहा-पंधरा माणसे राहत, आणि एका पाळीची माणसे कामावर गेली की दुसऱ्या पाळीची माणसे त्याच जागी पाठ टेकीत. अशा खोलीत संसार कसा झाला, असा प्रश्न आपण कौतुकाने विचारतो. त्याचे उत्तर उघड आहे. तो संसार त्या खोलीत झालाच नाही. जेवण खाणावळीत, उधारी वाण्याच्या ओट्यावर, बातमी नाक्यावर, कसरत व्यायामशाळेत, भजन गल्लीत आणि संपाचा निर्णय मैदानात, अशी त्या संसाराची वाटणी होती. रस्ता हा खोलीचाच राहिलेला भाग होता; फक्त त्यावर छप्पर नव्हते.

ही एक गोष्ट ध्यानात ठेविली म्हणजे गिरणगावाविषयीच्या वाङ्मयाची परीक्षा करण्यास एक बरी कसोटी हाती येते. लेखकाने रस्ता शोभेकरिता रंगविला आहे, की खोलीचा उरलेला भाग म्हणून जाणिला आहे? या कसोटीस नारायण सुर्वे पूर्णपणे उतरतात. ज्यांना उघड्यावर सापडलेले मूल म्हणून एका गिरणी कामगार कुटुंबाने वाढविले, त्या कवीने १९६६ साली आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले. आपण त्या नावातला उपरोध तेवढा टिपला, आणि ज्यास विद्यापीठ लाभले नाही त्याने रस्त्यालाच ते नाव दिले, असे म्हणून हळहळलो. आमच्या मते येथे हळहळण्यासारखे फारसे नाही. विद्यापीठास इमारत लागते, त्याप्रमाणे शिकविणाराही लागतो, आणि हमाल, गिरणीवाले, सभेतले वक्ते व नाक्यावर वृत्तपत्र मोठ्याने वाचणारे अशी शिकविणारी मंडळी त्या रस्त्यावर खरोखरच होती. सुर्वे यांचे शीर्षक वस्तुस्थितीचे कथन आहे. ते आपण अलंकार म्हणून वाचिले, याचे कारण आपल्या स्वतःच्या रस्त्याने आपणांस कधी काही शिकविले नव्हते.

याहून मोठी चूक ‘वासूनाका’च्या बाबतीत घडली. भाऊ पाध्ये यांचे हे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि अश्लीलतेच्या प्रश्नावरून मोठी खळबळ उडाली. आचार्य अत्रे यांच्यासारख्या प्रबळ लेखणीने त्याचा निषेध केला. इतरांनी लेखनस्वातंत्र्याच्या नावाने त्याचा कैवार घेतला. वाद जोराचा झाला, परंतु दोन्ही पक्षांनी शीर्षकातील अर्ध्या शब्दाकडे पाहिले नाही. ती तरुण पोरे नाक्यावर का उभी आहेत? त्यांची भाषा, त्यांची टवाळी, मुलींविषयीचे त्यांचे निर्दय बोलणे यांची चर्चा झाली. परंतु ज्या खोलीत आई, बहीण, वहिनी व आजारी बाप आहे, तेथे वयात आलेल्या मुलास दिवसभर बसावयास जागा नाही, हे साधे गणित कोणी मांडिले नाही. नाका हे त्यांचे दिवाणखान्याचे दालन आहे. तेथील वर्तनाचे समर्थन करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पाध्ये यांनीही ते केलेले नाही, आणि त्या पुस्तकाचे कठोर सामर्थ्य त्यातच आहे. इतकेच म्हणावयाचे की, ज्या टीकेस जागेचे माप दिसत नाही, तिला माणसाचे पापपुण्यही बरोबर मोजता येत नाही.

आता पालटाकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि बहुसंख्य कामगारांस पूर्वीचे काम पुन्हा मिळाले नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट काढिली. मालकाने जमीन विकासास काढल्यास तिचे साधारणतः तीन भाग व्हावेत, एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे, असा त्या योजनेचा रोख होता. २००१ साली या नियमात फेरफार होऊन, ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची वाटणी व्हावी, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात अशी रिकामी जमीन थोडीच असल्यामुळे लोकांच्या वाट्याचे दोन भाग अगदीच आक्रसले. हा फेरफार उच्च न्यायालयाने २००५ साली अमान्य केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो ग्राह्य धरिला. धुराडी जाऊन मनोरे आले, त्याच्या मुळाशी ही कलमे आहेत. कादंबरीकारास कलमांचा कंटाळा असणे आम्ही समजू शकतो. परंतु गिरणगावच्या रस्त्यावर आज जे दिसते, त्याचे कथानक प्रथम तेथेच रचिले गेले, हे विसरून लिहिलेले वाङ्मय नियतीला दोष देत बसते.

या पालटास इंग्रजीत ‘जेंट्रिफिकेशन’ म्हणतात. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने लंडनच्या कामगार वस्त्यांत सुखवस्तू लोक कसे शिरत आहेत, याचे वर्णन करिताना १९६४ साली हा शब्द घडविला. त्यात ‘जेंट्री’, म्हणजे खानदानी जमीनदारवर्ग, याचा उपहास आहे. कोण आले आणि कोणास जावे लागले, हे तो शब्द उच्चारताच कळते. आपल्याकडे रूढ झालेला शब्द ‘पुनर्विकास’. या शब्दात इमारत आहे, चटईक्षेत्र आहे, आशाही आहे. माणूस मात्र नाही. लालबागचा मनुष्य बोलताना “टॉवर आला” असे म्हणतो. त्यात निदान कर्ता तरी आहे. वाङ्मयाने शासकीय शब्द घ्यावा की गल्लीतला, हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे.

संपानंतरच्या गिरणगावाचे सर्वांत समर्थ चित्रण जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात आहे, असे आम्हांस वाटते. हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले. गिरणी कामगाराच्या कुटुंबातील एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या नादात असतो, एक गुंडगिरीकडे वळतो; आई हे सारे सांभाळू पाहते. नाटक घरातच घडते, रस्ता आपणांस दिसत नाही; आणि तरीही आम्ही त्यास रस्त्याचे नाटक म्हणतो. बाहेरचा आधार नाहीसा होताच खोली आपल्या खऱ्या मापाची होते. इतकी वर्षे जी माणसे एकमेकांस सहन करीत होती, ती एकाएकी एकमेकांच्या अंगावर येऊ लागतात. प्रेक्षक त्यास कौटुंबिक कलह समजतो. वास्तविक तो कोंडलेला रस्ता असतो. २०१० साली महेश मांजरेकर यांनी याच नाटकावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला. चित्रपटास बाहेर पडण्याची मोकळीक होती व ती त्याने घेतली. परंतु बाहेर गेल्यावर त्याची नजर प्रामुख्याने हाणामारीवर खिळली, आणि बाहेर दिसणारा रस्ता नाटकातल्या न दिसणाऱ्या रस्त्यापेक्षा लहान ठरला.

पवार यांनी हा धागा पुढे ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहात नेला, ज्यास २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. राखेतून उठावयाचा पक्षी कोणता आणि उठला कोणता, हा प्रश्न शीर्षकातच आहे. ज्या फीनिक्स गिरणीच्या आवारात आज भव्य विक्रीदालने आहेत, तेथून जाणाऱ्यास त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

या लेखनाच्या जोडीने गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रकार फोफावला आहे. दिवाळी अंकांतून व पुरवण्यांतून ‘आमची गल्ली’ धर्तीचे लेख येतात. त्यांत उन्हाळ्यात मिरची कुटणाऱ्या डंकांचा ठसका असतो, चिवडा गल्लीचा खमंग वास असतो, गणपतीचे दहा दिवस असतात. हे लेख वाचनीय असतात, आणि प्रेमाने लिहिलेल्या मजकुराची हेटाळणी करू नये हे आम्हांस मान्य आहे. तथापि त्यांत सामाईक शौचकूप बहुधा नसतो, पहाटे नळावर रांग धरणारी बाई नसते, आणि खाणावळ असली तरी ती चालविणारी नसते. एकट्याने राहणाऱ्या कामगारांस आपल्या चुलीवर शिजवून जेवू घालणाऱ्या या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारिले. रस्त्याच्या गोडव्यातला पुष्कळसा गोडवा या बायकांच्या श्रमाचा होता. तो श्रम वगळून केलेले स्मरण म्हणजे जेवून हात धुताना वाढणारीला विसरणे होय.

उत्सवाचेही असेच. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ साली स्थापन झाले. पेरू चाळ येथील बाजार १९३२ मध्ये बंद पडल्यामुळे उघड्यावर आलेल्या कोळी व व्यापारी मंडळींनी बाजारास कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला, आणि जागा मिळाल्यावर तो फेडला, अशी त्याची मूळकथा आहे. म्हणजे ज्या मूर्तीपुढे आज सारे शहर लोटते, तिचा जन्म रस्त्यावर विक्रीस बसण्याच्या हक्कातून झाला! पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली केला. परंतु भाजीची पाटी घेऊन मनोऱ्याच्या दाराशी बसणाऱ्या बाईला आजही रखवालदार उठवितो. या बाईची आणि त्या नवसाची सांगड घालणारी कथा अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही.

येथे एक रास्त आक्षेप येईल. तुम्हांला चाळ एवढी प्रिय असेल तर तुम्हीच तेथे राहावयास का जात नाही, असे कोणी विचारील. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. स्वतःचा नळ, स्वतःचे न्हाणीघर, मुलीला अभ्यासाला कोपरा, हे सुख ज्यांनी तीन पिढ्या भोगले नाही त्यांना ते मिळाल्याचा ज्याला आनंद होत नाही, त्याने गरिबांविषयी लिहू नये. आमचे म्हणणे निराळे आहे. घर मोठे झाले, ही जमेची बाजू. घराचा जो भाग बाहेर होता, तो किती उरला, हे खर्चाच्या रकान्यात मांडिले पाहिजे. आणि ज्यांना घरही मिळाले नाही व रस्ताही गेला, अशी कुटुंबे या हिशेबाच्या शेवटी येतात. जमा व खर्च हे दोन्ही रकाने जो लेखक भरतो, तोच आम्हांस विश्वासार्ह वाटतो.

हा हिशेब केवळ भावनेचा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्यू पावली. भोवताली गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले, त्यांत हजारो माणसे रोज कामास येऊ लागली, आणि त्यांनी चालावयाची वाट मात्र जुनीच राहिली. जमिनीवर इमले चढविताना कोणी पायी चालणाऱ्याची गणना केली नव्हती. स्थानकाचे नाव पुढील वर्षी प्रभादेवी झाले. आपल्या वाङ्मयात त्या पुलाचे नाव अद्याप नीट उमटलेले नाही.

हे मासिक ज्या घरांत वाचले जाते, त्यांपैकी काही घरे आज याच मनोऱ्यांत आहेत, आणि काहींचे आजोबा याच चाळींत होते. तेव्हा हा विषय दुसऱ्या कोणाचा म्हणून दूर ठेविता येणार नाही. वाचकाने गिरणगावावरचे पुढचे पुस्तक हाती घेताना एवढेच पाहावे: त्यातली माणसे जेवतात कोठे, बसतात कोठे, उधारी कोणाकडे करितात, आणि त्यांना तेथून उठ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या पुस्तकात सापडतील, त्याची भाषा ओबडधोबड असली तरी ते जपून ठेवावे. ज्यात ती सापडणार नाहीत, ते कितीही सुरस असो, त्यात रस्ता नाही. रस्त्याचे चित्र तेवढे आहे.