एका निकालपत्राचे वाचन

आम्हां सोलापूरकरांना फाशी परकी नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात आमचे चार हुतात्मे फासावर गेले. पण ते जाणते होते. कोवळ्या पोराला फाशी? सर्वोच्च न्यायालयाचे २७ मार्च २०२३ चे निकालपत्र मी त्या कुतूहलाने वाचले. १९९४ साली पुण्यात सात जीव गेले. १९९८ साली फाशी सुनावली गेली. पुढे शाळेच्या दाखल्यावरून आरोपी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा ठरला! एवढासा पोर असले क्रौर्य करील, याचा न्यायमूर्तींनाही धक्का बसला. तरी अंदाजावर निवाडा नको, असे ते सरळ लिहितात. हा संयम मला फार मोलाचा वाटला. २८ वर्षांच्या बंदिवासाची नोंद मात्र त्रोटक वाटते. फाशीच्या छायेत वाढलेल्या त्या मुलाविषयी आणखी एखादा परिच्छेद हवा होता.