'आमचा संघ' कोणाचा? : ल्युकस मान यांच्या 'क्लास ए'चे पुनर्वाचन

छोट्या गावाच्या क्रीडासंघाचा इतिहास लिहिणारा लेखक बहुधा दोन मार्गांपैकी एक पत्करतो. एक तर तो जय-पराजयांची जंत्री मांडतो, नाहीतर गतवैभवाची आळवणी करतो. ल्युकस मान यांचे 'क्लास ए : बेसबॉल इन द मिडल ऑफ एव्हरीव्हेअर' (२०१३) हे पुस्तक हे दोन्ही मार्ग टाळते. म्हणूनच ते केवळ क्रीडावाङ्मयात न ढकलता ललितेतर गद्याची एक गंभीर कृती म्हणून वाचावयास हवे. मात्र २०२० नंतर ते पुन्हा वाचताना एक उणीव प्रकर्षाने जाणवते. गाव ज्याला 'आमचा संघ' म्हणते, त्यातील 'आमचा' या शब्दाची पुरेशी झाडाझडती मान घेत नाहीत. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार करावयाचा आहे.

पुस्तकाची भूमी आहे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मिसिसिपीकाठचे क्लिंटन हे गाव. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेचोवीस हजारांच्या आत आहे. १९५६ मध्ये मिडवेस्ट लीग या नावाने स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून क्लिंटनचा संघ तीत होता. नदीलगतचे मैदान १९३७ चे. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून ते उभे राहिले. संघ चालविणारा क्लब कोणा धनिकाच्या मालकीचा नाही. गावकऱ्यांचे मंडळ तो ना-नफा तत्त्वावर चालवते. इतके सारे पाहता 'आमचा' हा शब्द सार्थच वाटेल.

पण मायनर लीगची रचना वेगळे सांगते. खेळाडूंशी करार करतो तो मेजर लीगमधील पालक संघ. त्यांना वेतन देतो तोच, वर चढवितो तोच आणि काढून टाकतो तोही तोच. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी ही पद्धत रूढ केली आणि तिला अमेरिकेत 'शेता'चीच उपमा मिळाली. उपमा नेमकी आहे, फक्त ती पुरती उलगडली जात नाही. जमीन गावाची, मशागत गावाची, बी मात्र परक्याचे आणि पीकही परक्याचेच. वाट्याने शेती करणाऱ्या कुळालाही याहून अधिक पदरात पडत असे.

संघाच्या नावांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. पालक बदलला की पुष्कळदा नाव बदले. डॉजर्स आले की 'क्लिंटन डॉजर्स', जायंट्स आले की 'क्लिंटन जायंट्स'. १९९४ मध्ये गावाने पालकाचे नाव टाकून 'लंबरकिंग्ज' हे स्वतःचे नाव घेतले. हे नाव तरी कोणाचे? एकोणिसाव्या शतकात विस्कॉन्सिन-मिनेसोटातील पाइनचे ओंडके नदीतून खाली आणून चिरणाऱ्या गिरणीमालकांचे. उत्तरेकडची जंगले संपली, तशा गिरण्याही विसाव्या शतकाच्या तोंडावर बंद पडल्या. एका मालकाचे नाव उतरवून गावाने दुसऱ्या, केव्हाच निघून गेलेल्या मालकांचे नाव छातीवर लावले! या विसंगतीवर एक स्वतंत्र प्रकरण व्हावयास हवे होते.

मान यांचे सामर्थ्य दुसरीकडे आहे. २०१० चा संपूर्ण हंगाम ते या संघाच्या अवतीभवती वावरले. संघ त्या वेळी सिएटल मरिनर्सचा होता. पहिल्याच फेरीत निवडला गेलेला निक फ्रँकलिन आणि निकाराग्वाहून आलेला एरास्मो रामिरेझ यांच्याकडे ते सारख्याच आस्थेने पाहतात. पहिल्याच्या वाट्याला अपेक्षेचे ओझे, दुसऱ्याच्या वाट्याला परक्या भाषेतील एकाकीपणा. (पुढे दोघेही मेजर लीगमध्ये पोहोचले, रामिरेझ एक वर्ष आधी.) पण पुस्तकाचा खरा गाभा प्रेक्षकांत आहे. खेळाडू येतात आणि जातात, प्रेक्षक मात्र तिथेच राहतात. जाणाऱ्याची सही जपून ठेवणे हा त्यांच्या दृष्टीने छंद नसून एक प्रकारची नोंदवही आहे, हे मान यांनी फार हळुवारपणे टिपले आहे.

गावाच्या स्मरणात ऑरेल हर्शायझर अभिमानाने नांदतो. तो १९७९ मध्ये येथे खेळला आणि १९८८ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच १९७९ मध्ये क्लिंटनच्या मका-प्रक्रिया कारखान्यात कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडला आणि संघटनेची मान्यताही गेली. या संपाची दखल मान घेतात, हे त्यांचे श्रेय. तथापि कारखाना आणि मैदान यांना ते एकाच उदास छायेत ठेवतात. दोन्हीकडे काम करणारा करारात दुबळा का, हा प्रश्न अलगद निसटतो. गावाचे ओसरणे पुस्तकात ऋतुमानासारखे येते, म्हणजे कोणीही न घडविलेले.

ते तसे नव्हते. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. १९५३ च्या टूलसन खटल्यात न्यायालयाने तोच निर्णय कायम केला, आणि तो खटला मायनर लीगच्याच एका खेळाडूने लढविला होता. २०१८ च्या कायद्याने या खेळाडूंना ताशी किमान वेतन व जादा कामाच्या मोबदल्याच्या संघराज्यीय नियमांतून वगळले. २०२२ मध्ये ते मेजर लीगच्या कामगार संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. मान यांच्या पुस्तकानंतर हे घडले, त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. पण १९२२ व १९५३ हे त्यांच्यासमोर होतेच.

२०२० चा हंगाम साथीमुळे झालाच नाही. त्या वर्षाअखेर मेजर लीगने संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली आणि क्लिंटन गळाले. चौसष्ट वर्षांच्या लीगमधून गाव बाहेर पडले, ते मैदानावर हरून नव्हे. गावाच्या मंडळाला मत नव्हते, कारण मालकी ज्याची होती ती वस्तू म्हणजे मैदान, टोप्या आणि तिकीटखिडकी. मान यांच्या पुस्तकातील प्रेक्षकांचे प्रेम या क्षणी खोटे ठरत नाही. उलट ते किती एकतर्फी होते, हे आता दिसते.

२०२१ मध्ये 'लंबरकिंग्ज' प्रॉस्पेक्ट लीग या महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी स्पर्धेत दाखल झाले. पालक संघ उरला नाही. खेळाडूंना वेतन नाही. हंगाम संपला की ते आपापल्या महाविद्यालयात परततात. संघात कोणाला घ्यावयाचे, हे मात्र आता क्लिंटनमध्येच ठरते.